उतरत्या विमानामागची हवा : प्रस्तावना

८ डिसेंबर २०१८ रोजी मुंबईच्या विमानतळावर चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीचाच वापर होतो. सरासरी काढली तर दर ८६ सेकंदांना एक विमान. हे अंतर आणखी कमी का करत नाहीत असे विचारले, तर धावपट्टी मोकळी व्हायला लागणारा वेळ, रडारची मर्यादा, नियंत्रकांवरचा ताण अशी कारणे ऐकायला मिळतात आणि ती खरीही आहेत. पण मोठ्या विमानामागून लहान विमान येत असते तेव्हा या सगळ्यांच्या आधी दुसरेच कारण उभे राहते. पुढचे विमान वळून निघून गेलेले असते, धावपट्टी रिकामी दिसत असते, तरी तिच्यावरची हवा मोकळी झालेली नसते. विमानाच्या पंखांनी मागे टाकलेले दोन भोवरे तिथे अजून फिरत असतात. ते कुठे सरकतील, किती वेळ टिकतील आणि कशाने मोडतील, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यातही आकाशात उंचावर नव्हे, तर उतरण्याच्या शेवटच्या एका किलोमीटरात, जमिनीपासून पन्नास-साठ मीटरांच्या आत काय घडते, एवढ्याच भागावर आम्ही लक्ष ठेवले आहे.

विषयाला नव्याने भिडणाऱ्या वाचकासाठी आधी मूळ गोष्ट सांगायला हवी. विमान हवेत राहते ते हवेला सतत खाली ढकलून. पंखाखाली दाब जास्त असतो, वर कमी. पंखांच्या टोकांशी खालची हवा वळसा घालून वर यायला बघते आणि पंखाच्या मागच्या कडेवरून निघणारा फिरत्या हवेचा पातळ पडदा दोन्ही बाजूंना गुंडाळला जाऊन दोन भोवरे तयार होतात. मागून पाहिले तर डावीकडचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, उजवीकडचा उलट. पंखाच्या रचनेत काही चुकले म्हणून हे होत नाही. जिथे उचल आहे तिथे भोवरा आहे. पंखांची टोके वर वळवली की इंधन वाचते, पण भोवरे जात नाहीत, कारण त्यांचे बळ मुख्यतः विमानाच्या वजनावरून ठरते.

थोडे आकडे घेऊ, कारण या विषयात आकड्यांशिवाय अंदाज चुकतो. उतरणारे बोइंग ७७७-३००ईआर धरा : पंखविस्तार सुमारे ६५ मीटर, वजन २५० टन, वेग ताशी २७० किलोमीटर. त्याच्या दोन भोवऱ्यांमधले अंतर सुमारे ५१ मीटर येते. भोवऱ्याच्या गाभ्यापासून १० मीटरांवर हवा सेकंदाला ८ मीटरांहून अधिक वेगाने फिरत असते. म्हणजे ताशी ३० किलोमीटरांचा वारा, एका पंखाखालून वर जाणारा आणि दुसऱ्या पंखावर खाली येणारा. २३ टनांचे छोटे एटीआर प्रवासी विमान अशा हवेत शिरले तर ते एका कुशीवर लोळू लागते, आणि जमीन जवळ असेल तर सावरायला उंची उरत नाही. हे दोन भोवरे एकमेकांना खालीही ढकलतात, सेकंदाला सुमारे १.७ मीटर. स्वतःच्या आपसातल्या अंतराइतके खाली यायला त्यांना ३० सेकंद लागतात. हे ३० सेकंद वाचकाने लक्षात ठेवावेत. या विषयातले घड्याळ त्याच मापाने चालते. ए-३२० साठी ते माप १७-१८ सेकंदांचे असते.

भोवऱ्यांचे गणित विमानांपेक्षा कितीतरी जुने आहे. हेल्महोल्ट्झ यांनी १८५८ मध्ये त्याचे मूळ नियम मांडले. भोवऱ्याची रेषा द्रवाच्या मध्येच तुटत नाही, ती स्वतःवर मिटते किंवा सीमेला जाऊन टेकते, हा त्यांतला एक. केल्विन यांनी पुढच्या काळात अभिसरणाचा सिद्धांत दिला आणि १८८० मध्ये एकट्या सरळ भोवऱ्यावर कोणकोणत्या लाटा उठू शकतात ते मोजून दाखवले. त्या वेळी त्यांच्यासमोर विमान नव्हते. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०७ च्या ग्रंथात पंखाच्या टोकांमागचे भोवरे चित्रासह दाखवले, आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ग्योटिंगेनला प्रांट्ल यांनी त्यांना गणिताच्या चौकटीत बसवले. पंख म्हणजे एक भोवरा-रेषा आणि तिच्यामागून सुटणारे भोवरे, ही त्यांची मांडणी आजही पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवली जाते.

ग्योटिंगेनच्या या परंपरेत एक मराठी धागा आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. कोल्हापूर भागातले विष्णू माधव घाटगे १९३० च्या दशकात प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून परतले. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची उभारणी त्यांच्याकडे आली. पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान घडवले. ते १९५१ मध्ये उडाले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या 'किरण' या जेट प्रशिक्षण विमानावर हैदराबादजवळच्या हकीमपेठ आणि दुंडिगलच्या तळांवर वायुसेनेच्या कित्येक तुकड्या शिकल्या. मी ज्या कुकटपल्लीत बसून हे लिहितो आहे, तिच्या शेजारच्या बालानगरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग आहे, जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठ तर कुकटपल्लीतच आहे, आणि काही किलोमीटरांवर बेगमपेठची धावपट्टी. प्रांट्ल यांच्या वर्गातला भोवरा घाटग्यांच्या हातून दख्खनच्या आकाशात आला, असे म्हणायला हरकत नाही.

आता स्थैर्याचा प्रश्न. १९६० च्या दशकापर्यंत या भोवऱ्यांकडे त्रासदायक पण आपोआप विरणारी गोष्ट म्हणून पाहिले जाई. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी बोइंग ७४७ ने पहिले उड्डाण केले आणि प्रश्नाचा आकारच बदलला. एवढ्या वजनामागची हवा किती वेळ धोक्याची राहील, हे कुणालाच नीट सांगता येईना. केवळ श्यानतेने, म्हणजे हवेच्या आतल्या घर्षणाने, हे भोवरे विरायचे म्हटले तर त्यांना फार मोठा काळ लागेल. प्रत्यक्षात ते काही मिनिटांत जातात. मग त्यांना मोडते कोण?

स्टीव्हन क्रो यांनी १९७० मध्ये दिलेले उत्तर आजही या क्षेत्राचा पाया आहे. भोवऱ्यांची जोडी स्वतःच्याच परस्पर ओढीने मोडते. सरळ भोवऱ्याला कुठूनतरी किंचित बाक आला, वाऱ्याच्या झुळकीने म्हणा, की तो बाक दोन गोष्टींच्या कचाट्यात सापडतो. वाकलेला भोवरा स्वतःच स्वतःला फिरवू लागतो. शेजारचा भोवरा त्याला एका तिरक्या दिशेने ताणतो. एका विशिष्ट लांबीच्या लाटेसाठी या दोन परिणामांचा मेळ असा बसतो की बाक फिरायचा थांबतो आणि ताणाच्या दिशेने वाढतच जातो. ही लांबी दोन भोवऱ्यांमधल्या अंतराच्या सुमारे साडेआठ पट असते आणि लाटेचे प्रतल क्षितिजाशी ४८ अंशांच्या आसपास कललेले असते. आपल्या ७७७ साठी ही लाट सुमारे ४४० मीटरांची झाली. दर ३६ सेकंदांना ती पावणेतीन पट मोठी होते, शेवटी दोन भोवरे एकमेकांना भिडतात, तुटतात, आणि त्यांची कडी तयार होतात. उंचावरून जाणाऱ्या जेटमागची पांढरी रेघ काही मिनिटांत नागमोडी होऊन सुट्या कड्यांत मोडताना कुणीही पाहू शकतो. तीच ही क्रो-अस्थिरता.

चार वर्षांनी शीला विडनॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी, आखूड लाटांची अस्थिरता दाखवली. ती भोवऱ्याच्या गाभ्याच्या आत घडते. शेजाऱ्याच्या ताणाने गाभा वर्तुळाकार न राहता लंबवर्तुळाकार होतो, आणि लंबवर्तुळाकार फिरणारा प्रवाह स्वभावतःच अस्थिर असतो. १९८६ मध्ये पियरहंबर्ट आणि बेली यांनी लंबवर्तुळाकार प्रवाहाच्या या अस्थिरतेला स्वतंत्र आणि अत्यंत स्वच्छ रूप दिले. क्रोची लाट हळू वाढते पण भोवऱ्याचा कणाच मोडते. आखूड लाट लवकर वाढते, पण ती गाभा खवळून थांबते की पुढे जाऊन भोवऱ्याचा शेवट करते, यावर बरीच वर्षे वाद चालला. दोन्ही एकत्र आल्या तर मोडतोड लवकर होते, हे १९९८ मध्ये लेवेके आणि विल्यमसन यांच्या पाण्यातल्या प्रयोगांनी दाखवले.

इथपर्यंतचा सगळा हिशेब मोकळ्या आकाशातला आहे. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात, आणि नेमके इथूनच आमचे पुस्तक सुरू होते. कारण क्रोच्या लाटेला मिनिटभर तरी हवे, आणि धावपट्टीच्या अलीकडे तेवढा वेळ नसतो. भोवरे त्याआधीच जमिनीपाशी पोहोचलेले असतात.

जमीन काय करते, याचे पहिले उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या गणितातच आहे. हवेला श्यानता नाही असे धरले, तर सपाट जमिनीऐवजी तिच्याखाली भोवऱ्यांचे उलटे प्रतिबिंब मांडता येते. मग असे दिसते की खाली येणारी जोडी जमिनीवर आपटत नाही. भोवरे एकमेकांपासून दूर सरकू लागतात आणि त्यांची उंची सुरुवातीच्या अंतराच्या निम्म्यावर येऊन ठरते, म्हणजे ७७७ साठी २५ मीटर. तिथे ते जितक्या वेगाने खाली येत होते तितक्याच वेगाने, सेकंदाला १.७ मीटर, बाजूला जातात : एक उत्तरेला तर एक दक्षिणेला, धावपट्टी पूर्व-पश्चिम असेल तर.

या साध्या निष्कर्षातून वैमानिकाने आयुष्यभर लक्षात ठेवावी अशी गोष्ट निघते. बाजूने नेमका सेकंदाला १.७ मीटरांचा, म्हणजे साधारण तीन नॉटचा, मंद वारा वाहत असेल तर वाऱ्याकडचा भोवरा बाहेर जाऊ पाहतो आणि वारा त्याला परत आणतो. तो धावपट्टीवरच उभा राहतो. जोराचा वारा त्याला उडवून नेतो, शांत हवेत तो आपण होऊन जातो. धोक्याचा असतो तो हा मधला मंद आडवारा. "कॉशन वेक टर्ब्युलन्स" हे टॉवरवरचे शब्द कानावर पडले की वाऱ्याचा आकडा लगेच पाहावा तो यासाठी.

पण खरे भोवरे या गणिताचे पूर्ण ऐकत नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्ष उड्डाणांच्या निरीक्षणांत दिसले की जमिनीजवळ आलेले भोवरे पुन्हा वर उसळतात. १९७१ मध्ये हार्वे आणि पेरी यांनी वातबोगद्यातल्या मोजमापांवरून याचे कारण सुचवले. भोवऱ्याखाली हवा जमिनीलगत बाहेरच्या बाजूला धावते. जमिनीला चिकटलेला पातळ सीमास्तर आधी कमी दाबाकडे जातो, मग त्याला वाढत्या दाबाविरुद्ध जावे लागते, आणि तिथे तो जमिनीपासून सुटतो. सुटलेला स्तर गुंडाळून उलट दिशेने फिरणारा दुय्यम भोवरा बनतो, आणि तोच मुख्य भोवऱ्याला वर उचलतो. १९७७ मध्ये बार्कर आणि क्रो यांनी पाण्यातल्या प्रयोगांवरून वेगळे म्हणणे मांडले : उसळीला श्यानतेची गरज नाही, भोवऱ्याच्या गाभ्याची जाडीच तिला पुरेशी आहे. दोन वर्षांनी सॅफमन यांनी काही ओळींच्या युक्तिवादाने सिद्ध केले की श्यानताहीन प्रवाहात, गाभा कितीही जाड असो, सपाट जमिनीकडे येणाऱ्या जोडीची उंची कमीच होत जाते. ती वाढू शकत नाही. म्हणजे उसळी दिसली की तिथे श्यानता आहेच. या सगळ्या वाङ्मयातला मला सर्वांत आवडणारा युक्तिवाद हा आहे. संगणक न वापरता, एकही समीकरण न सोडवता, सॅफमन यांनी एका वादाचा निकाल लावला. पुढे पीस आणि रायली यांनी १९८३ मध्ये, ओर्लांदी यांनी १९९० मध्ये संगणकावर उसळी उभी केली तेव्हा दुय्यम भोवऱ्याचे चित्र पक्के झाले.

वैमानिकाच्या दृष्टीने उसळीचा अर्थ गंभीर आहे. भोवरा खाली गेला, आपण उताराच्या रेषेच्या थोडे वर राहिलो की सुटलो, हा नियम उंचावर बहुतेक वेळा उपयोगी पडतो. जमिनीजवळ तो तितका भरवशाचा नाही, कारण खाली गेलेला भोवरा परत वर येऊन उताराच्या रेषेत उभा राहू शकतो. शिवाय उसळीमुळे त्याचे बाजूला सरकणेही मंदावते.

स्थैर्याचा खरा गुंता या दुय्यम भोवऱ्यापासून सुरू होतो. एका बाजूने पाहिले तर जमीन भोवऱ्यांना वाचवते. ते एकमेकांपासून दूर गेले की परस्परांचा ताण घटतो. दुसऱ्या बाजूने प्रत्येक भोवऱ्याला जमिनीखालचे स्वतःचे प्रतिबिंब आता शेजारी म्हणून मिळालेले असते, आणि त्याच्याशी क्रो-अस्थिरता होऊ शकते. मग लाटेचा खालचा भाग जमिनीला टेकतो आणि भोवरा तिथे तुटतो. आणि तिसरी गोष्ट, जी गेल्या तीस वर्षांत सर्वांत महत्त्वाची ठरली : दुय्यम भोवरा मुख्य भोवऱ्याहून दुबळा असतो, त्याच्याभोवती ओढला जाताना ताणला जातो, आणि त्याच्यावर आखूड लाटा झपाट्याने वाढतात. त्याचे वेटोळे सुटून मुख्य भोवऱ्याच्या अंगावर चढते आणि त्याचे फिरणे आतून खाऊन टाकते. लूटन आणि रागब यांची १९९७ ची गणना, हॅरिस आणि विल्यमसन यांचे २०१२ चे प्रयोग, अॅसेलिन आणि विल्यमसन यांचे २०१७ चे काम या वाटेने गेले. जोडी किती उंचीवरून खाली आली यावर कोणती अस्थिरता पुढे जाईल हे ठरते, हा त्यातला धागा आम्हाला फार मोलाचा वाटला. उंचावरून आलेल्या भोवऱ्यावर क्रोची लाट आधीच वाढलेली असते आणि ती जमिनीला भिडताना भोवऱ्याचे तुकडे करते. धावपट्टीच्या तोंडाशी सोडलेला भोवरा मात्र सरळ आणि अखंड असतो. त्याला मोडायचे काम जमिनीवरून उठलेल्या दुय्यम भोवऱ्यालाच करावे लागते.

याच समजुतीतून एक व्यावहारिक उपायही निघाला. जर्मन अंतराळ संशोधन संस्थेतल्या होल्झाप्फेल, श्टेफान आणि सहकाऱ्यांनी उताराच्या वाटेखाली जमिनीवर उभ्या पट्ट्यांची ओळ लावून दुय्यम भोवऱ्याला मुद्दाम वळसे पाडले. हे वळसे मुख्य भोवऱ्यावरून दोन्हीकडे धावत जातात आणि त्याचा ऱ्हास लवकर सुरू करतात. ओबरफाफेनहोफेनच्या चाचण्यांनंतर २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर या पट्ट्या लावून मोजमाप झाले. इंजिन नाही, वीज नाही, फक्त योग्य जागी उभे केलेले फळे. स्थैर्याचा सिद्धांत नीट कळला की उपाय किती साधा असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आज या क्षेत्रात काम करणाऱ्यांची वेगवेगळी घराणी आहेत आणि ती एकमेकांचे नेहमीच ऐकतात असे नाही. रेषीय स्थैर्याचे घराणे लहान विक्षोभ घेऊन त्यांची वाढ मोजते. त्याची भाषा सर्वांत स्वच्छ, पण विक्षोभ मोठा झाला की ती संपते. त्याचीच एक शाखा, म्हणजे दुसरे घराणे, विचारते की थोड्या वेळात सर्वाधिक वाढणारा विक्षोभ कोणता, आणि जमिनीजवळ, जिथे वेळच थोडा आहे, हा प्रश्न मला अधिक योग्य वाटतो. महासंगणकावर खळबळाटाचे मोठे घटक थेट मोजणारे तिसरे. चौथे घराणे मोजमापाचे : लायडार, म्हणजे लेसरने हवेचा वेग मोजणारे यंत्र, घेऊन मेम्फिस, डलास, फ्रँकफर्टच्या धावपट्ट्यांशी बसलेले लोक. फ्रँकफर्टच्या दोन समांतर धावपट्ट्यांत अवघे ५१८ मीटर आहेत, आणि एकीवरचा भोवरा वाऱ्याने दुसरीवर जातो का हा तिथला रोजचा प्रश्न होता. सिद्धांताला विनयशील ठेवण्याचे काम या चौथ्या घराण्याने केले. एकाच दिवशी, एकाच जातीच्या दोन विमानांचे भोवरे दुपटीच्या फरकाने टिकलेले दिसू शकतात, आणि कुठलेही सरासरी सूत्र वैमानिकाला ते सांगत नाही.

नियम मात्र सरासरीवरच चालतात. ३० मे १९७२ रोजी फोर्ट वर्थ इथे डीसी-१० मागून उतरणारे डीसी-९ धावपट्टीच्या तोंडाशी, अगदी जमिनीजवळ, भोवऱ्यात सापडून उलटले आणि चौघे गेले. त्यानंतर विमानांमधली अंतरे कडक झाली. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत १३६ टनांच्या वरचे जड, ७ ते १३६ टन मध्यम, त्याखाली हलके. जडामागे मध्यमाने पाच सागरी मैल, हलक्याने सहा. ए-३८० आल्यावर त्याच्यासाठी वेगळा वर्ग करावा लागला. या वर्गवारीची दुबळी बाजू १९९२-९३ मध्ये अमेरिकेत बोइंग ७५७ मागे आलेल्या छोट्या जेट विमानांच्या अपघातांनी उघडी पाडली. ७५७ वजनाने मध्यम होते, पण त्याचे भोवरे मध्यम नव्हते. मेम्फिसला २०१२ पासून सहा वर्गांची नवी रचना आली, हीथ्रोला २०१५ पासून मैलांऐवजी सेकंदांनी अंतर मोजू लागले. आपल्या धावपट्ट्यांवर २३ टनांचे एटीआर आणि नव्वद टनांहून जड ए-३२१ यांची रोज मागेपुढे ये-जा असते, आणि जुन्या वर्गवारीत ही दोन्ही विमाने 'मध्यम' आहेत. या एका वाक्यात हा विषय आपल्यासाठी आता का महत्त्वाचा आहे, ते आले.

आणखीही कारणे आहेत. २३ मार्च २००८ रोजी हैदराबादची प्रवासी वाहतूक बेगमपेठहून शमशाबादला गेली. शमशाबादची दुसरी धावपट्टी पहिलीला जवळून समांतर आहे, आणि ७६० मीटरांपेक्षा जवळच्या धावपट्ट्या भोवऱ्यांच्या हिशेबात एकच मानल्या जातात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात दोन धावपट्ट्यांत १,५५० मीटर ठेवले आहेत, त्यामुळे पुढे दोन्हींचा स्वतंत्र वापर करता येईल. जागा आखतानाच हवेचा विचार केला तर काय मिळते ते यावरून दिसते.

आमच्या हवामानाचा हिशेबही आम्हीच मांडायला हवा. शमशाबाद समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी तिथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा जवळपास १५ टक्के विरळ असते, आणि त्याच विमानाचा भोवरा सुमारे ८ टक्के अधिक बळाचा निघतो. पण त्याच दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी खळबळ त्याला लवकर मोडते. डिसेंबर-जानेवारीची पहाट याच्या उलट. हवा जड, भोवरा किंचित कमी बळाचा, पण जमिनीलगत थंड हवेचा स्थिर थर, वर उष्ण हवा, आणि वारा दोन-चार नॉटचा. वर सांगितलेल्या धोक्याच्या मंद आडवाऱ्याची हीच वेळ, आणि विमानांच्या पहिल्या गर्दीचीही हीच. फ्रँकफर्ट किंवा मेम्फिसच्या मोजमापांवरून बसवलेली सूत्रे दख्खनच्या पहाटेला तशीच लागू पडतील असे गृहीत धरणे मला शास्त्रीय वाटत नाही.

या पुस्तकात काय करायचे ठरवले ते आता थोडक्यात. पहिला भाग गणिताशिवाय वाचता येईल असा आहे. नियंत्रक, वैमानिक आणि जिज्ञासू वाचक यांनी तेवढाच वाचला तरी हरकत नाही. पुढे क्रोचे विश्लेषण पायरी-पायरीने केले आहे, कारण मूळ निबंध वाचताना विद्यार्थी नेमके कुठे अडतात हे वर्गात पाहिलेले आहे. त्यानंतर सीमास्तर आणि दुय्यम भोवरा, मग दोन्हींची एकत्र अस्थिरता. हेलिकॉप्टर आणि फवारणीच्या ड्रोनचे भोवरे आम्ही जवळपास सोडून दिले आहेत. शेतावर दोन-तीन मीटरांवरून जाणाऱ्या ड्रोनखालची हवा हा मोठा विषय आहे आणि त्याला स्वतंत्र पुस्तक हवे. वादाच्या जागी वाद तसाच ठेवला आहे. जिथे आमचे मत आहे तिथे ते आमचे म्हणून सांगितले आहे.

हे मराठीत का, असे काही मित्रांनी विचारले. याच शहरात उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागाने शंभर वर्षांपूर्वी भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी उर्दूतून उच्च वर्गांपर्यंत नेली होती. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाडाही होता. नांदेड, लातूर, परभणीहून आजही मुले अभियांत्रिकीसाठी हैदराबादला येतात. त्यांना इंग्रजी निबंध वाचता येतात, पण एखादी कल्पना पहिल्यांदा डोक्यात बसते ती बहुधा घरच्या भाषेत. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

वाचकांकडे दोन मागण्या आहेत. विद्यार्थ्यांनी काचेच्या टाकीत, रंगीत पाणी आणि दोन मिटणाऱ्या पट्ट्या वापरून भोवऱ्यांची जोडी तळाकडे सोडून पाहावी. त्याला महागडे साहित्य लागत नाही, आणि उसळी डोळ्यांनी दिसते. वैमानिकांनी शेवटच्या एका किलोमीटरात भोवऱ्याचा धक्का बसला, तो कितीही किरकोळ असला तरी, त्याची रीतसर नोंद करावी : वेळ, उंची, वाऱ्याची दिशा आणि वेग, पुढचे विमान कोणते होते आणि किती सेकंद आधी उतरले. भारतीय धावपट्ट्यांसाठी भारतीय सूत्रे बसवायची असतील तर सुरुवात या नोंदींपासून करावी लागेल.

कुकटपल्ली, हैदराबाद